जांबेचे देवघर

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींची यादी पुष्कळांना तोंडपाठ असते. चाफळचे दोन, मग शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे, शिराळे, मनपाडळे, पारगाव. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत यादी संपते. मराठवाड्यातले एकही गाव तिच्यात नाही. ज्या गावात समर्थ जन्मले ते जांब मात्र मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले. सज्जनगडाला शाळांच्या सहली जातात, शिवथरघळीला पावसाळ्यात गाड्या लावायला जागा मिळत नाही, टाकळीला नाशिकला गेलेला माणूस सहज डोकावतो. जांबेला मुद्दाम वाट वाकडी करून जावे लागते.

जालन्याहून दक्षिणेला निघाले की आधी अंबड लागते. माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसलेली मत्स्योदरी ही या मुलखाची जागृत देवी. नवरात्रात तिच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. अंबडमध्ये अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाणारी पुष्करणी आहे. तीही बघून घ्यावी. पुढे घनसावंगीच्या बाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस, मधूनमधून मोसंबीच्या बागा आणि कापूस. अलीकडे अंबड तालुका म्हटले की लोकांना अंतरवाली सराटी आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन आठवते. पण या पट्ट्यातल्या पाट्या वाचत गेले की जुनी दैवतेही भेटत राहतात. सहकारी साखर कारखान्याचे नाव समर्थ, शिक्षणसंस्थेचे नाव मत्स्योदरी. कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेच्या आसपास जी खेडी आहेत त्यांतले एक जांब. कागदोपत्री आणि बोलण्यातही आता त्याला जांब समर्थ म्हणतात.

इथे आलेल्या माणसाला पहिल्यांदा थोडे चुकल्यासारखे वाटते. आपल्या डोळ्यांसमोर क्षेत्राचे एक चित्र असते: नदीचा घाट, दीपमाळ, स्वयंभू मूर्ती आणि तिचे पुराणातले माहात्म्य. त्यातले काही इथे शोधायला जाऊ नये. जांबेचे राममंदिर हे मुळात एक घर आहे. कुळकर्ण्याचे घर, त्यातले देवघर, आणि त्या देवघरातले पिढ्यान् पिढ्या पुजलेले देव. ते घर मंदिर झाले, एवढेच.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भोकरदन तालुक्यात, राजूरचा गणपती आहे. तो आणि जांब एकापाठोपाठ पाहिले की फरक चटकन कळतो. राजूर हे गाणपत्य संप्रदायाच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ. मोरगाव आणि पद्मालय ही दुसरी दोन, चिंचवड अर्धे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात त्याची कथा येते. वरेण्य राजाच्या पोटी गजमुख बालक जन्मले, राजाने भिऊन ते रानात टाकायला लावले, पराशर ऋषींनी ते वाढवले, पुढे त्याच बालकाने सिंदुरासुराला मारले आणि त्याचे रक्त अंगाला माखले. गणपतीला शेंदूर का चर्चितात याचे उत्तर देणारी ही कथा. शेवटी पश्चात्ताप झालेल्या बापाला मुलाने उपदेश केला, ती अकरा अध्यायांची गणेशगीता. राजूरला असा पुराणाचा भक्कम आधार आहे, अंगारकीला लोटणारी गर्दी आहे, जालन्याहून रात्रीतून चालत येणारे भाविक आहेत, निवडणुकीच्या आधी नारळ फोडायला येणारे पुढारीही आहेत. जांबेजवळ यातले फारसे काही नाही. आहे ते चारशे वर्षांपूर्वीचे, नावागावासकट माहीत असलेले एक कुटुंब.

कुटुंबाचे आडनाव ठोसर. बेदर प्रांतातून गोदाकाठी आलेल्या कृष्णाजीपंतांपासून या घराण्याची परंपरा सांगितली जाते. गावांची वसाहत करणे, कुळकर्णीपण सांभाळणे आणि रामाची उपासना हे त्यांचे पिढीजात काम. सूर्याजीपंत आणि राणूबाई यांना बरीच वर्षे मूल नव्हते. सूर्याजीपंत सूर्योपासक. सूर्याने दोन पुत्रांचा वर दिला, एक स्वतःच्या अंशाचा आणि एक मारुतीच्या, अशी कथा सांप्रदायिक चरित्रांत आहे. थोरला गंगाधर, धाकटा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास. नारायणाचा जन्म शके १५३०, चैत्र शुद्ध नवमी, म्हणजे इ.स. १६०८ ची रामनवमी, आणि वेळ भर माध्यान्हीची, रामजन्माचीच.

त्यामुळे जांबेच्या वर्षातला मोठा दिवस रामनवमीचा असतो आणि तो दुहेरी असतो. गुढीपाडव्याला रामाचे नवरात्र बसते. नऊ दिवस कीर्तन-प्रवचने, दासबोधाची पारायणे. नवमीला सकाळपासून कीर्तनकार उभा असतो आणि कसलेल्या कीर्तनकाराची खरी परीक्षा इथे असते: आख्यान असे बेतायचे की कौसल्येचे डोहाळे, दशरथाची घालमेल वगैरे सगळे आटपून बाराच्या ठोक्याला जन्म व्हावा. पाच मिनिटे आधी जन्म झाला तर चालत नाही आणि उशीर तर मुळीच खपत नाही. बारा वाजले की गुलाल आणि फुले उधळली जातात, पाळण्याची दोरी ओढायला बायकांची झुंबड उडते आणि हातावर सुंठवडा पडतो. सुंठ, खोबरे, साखर यांचा तो कोरडा चिमूटभर प्रसाद चैत्राच्या उन्हात घशाला चांगलाच झोंबतो. रामजन्म महाराष्ट्रात गावोगाव होतो, पण त्याच घटकेला त्याच घरातल्या एका मुलाचाही जन्म झाला होता असे दुसरे गाव नाही.

सूर्याजीपंत गेले तेव्हा नारायण सातएक वर्षांचा होता. घराची आणि अनुग्रह देण्याची जबाबदारी थोरल्या गंगाधरावर आली. लहान नारायणाच्या ज्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोचल्या त्या याच घरात घडलेल्या आहेत. अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत लपून बसलेला मुलगा, शोधून दमलेली आई, आणि विश्वाची चिंता करत होतो हे त्याचे उत्तर, ही गोष्ट त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. भावाने अनुग्रह द्यायला नकार दिला म्हणून तो गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला आणि तिथे त्याला प्रत्यक्ष रामाचा अनुग्रह झाला, ही दुसरी. सांप्रदायिकांच्या दृष्टीने समर्थांची गुरुपरंपरा जांबेच्या मारुतीसमोर सुरू होते, म्हणून राममंदिराइतकेच या मारुतीचेही दर्शन घेतल्याशिवाय कोणी परत जात नाही.

आणि मग लग्न. आईने मुलाकडून वचन घेतले होते की अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचे नाही. मुलाने वचन अक्षरशः पाळले. जवळच्या आसनगावी मांडव पडला. नवरी मामाची, भानाजीपंत बोधलापूरकरांची मुलगी. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, ब्राह्मणांनी सावधान म्हटले आणि बारा वर्षांचा नवरदेव बोहल्यावरून पळाला. पुढची गोष्ट सगळे सांगतात. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, मग बारा वर्षे देशभर भ्रमण. त्या मांडवात उभ्या राहिलेल्या मुलीकडे मात्र चरित्रकार फारसे वळून पाहत नाहीत. मला ते नेहमीच खटकत आले आहे. तिचे नावही ज्यांना सांगावेसे वाटले नाही त्यांनी पळणाऱ्याच्या पायांचे वर्णन मात्र भरभरून केले आहे.

चोवीस वर्षांनंतर, १६४४ च्या सुमाराला, एक गोसावी जांबेच्या त्या दारात उभा राहिला आणि त्याने रघुवीराचा जयजयकार केला. राणूबाई रडून रडून आंधळ्या झालेल्या. सुनेला त्यांनी गोसाव्याला भिक्षा घालायला सांगितले. हा गोसावी नुसत्या भिक्षेने जाणारा नाही असे उत्तर आले आणि आईने आवाज ओळखला. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवताच तिला दिसू लागले, असे परंपरा सांगते. आईला भुताटकीच वाटली. कुठले भूत वश केलेस असे तिने विचारले, त्यावर समर्थांनी रामाचे वर्णन करून दिलेले उत्तर रामदासी भजनात आजही म्हटले जाते. काही काळ ते घरी राहिले, आईला त्यांनी कपिलगीतेचा बोध केला आणि पुन्हा निघाले. ते कृष्णाकाठी गेले ते कायमचे. आईच्या अखेरच्या वेळी, शके १५७७ मध्ये, ते जांबेला येऊन पोचले होते असे चरित्रे सांगतात.

कृष्णाकाठीच का, गोदाकाठी का नाही, याची आध्यात्मिक उत्तरे पुष्कळ दिली गेली आहेत. मला नकाशा पुरेसा वाटतो. नारायण जन्मला तेव्हा जांब अहमदनगरच्या निजामशाहीत होते. १६३० ते ३२ च्या भयंकर दुष्काळाने हा मुलूख ओस पडला, १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि समर्थ परतले तेव्हा सगळा प्रदेश मोगलांच्या ताब्यात होता. स्वराज्य उभे राहिले ते सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. शिवराय जालन्याला आले ते १६७९ च्या अखेरीस, आणि तेही स्वारीवर. चाफळला छत्रपतींच्या सनदा मिळाल्या, इनामे लागली, पुढे पेशवाईतल्या सरदारांचा आश्रय मिळाला. जांब मोगलाईत राहिले, १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेले ते १९४८ पर्यंत. सनद नाही म्हणजे वर्षासन नाही, आणि वर्षासन नाही म्हणजे दगडी सभामंडप नाही, इतका तो सरळ हिशेब आहे. शिवराय आणि समर्थ यांची पहिली भेट शके १५७१ ची की १५९४ ची, ते गुरू होते की नव्हते, यावर शंभर वर्षे शाई आणि अलीकडे घसा खर्च होतो आहे. त्या वादाशी जांबेचे काही देणेघेणे नाही. जांबेचे समर्थ छत्तीस वर्षांच्या वयाला संपतात.

जांबेत राहिला तो थोरला. गंगाधरपंतांना संप्रदाय श्रेष्ठ म्हणतो. रामीरामदास या नावानेही ते ओळखले जातात. बायको पार्वतीबाई, मुले रामजी आणि श्यामजी, आंधळी आई, कुळकर्णीपणाच्या वह्या आणि देवघरातली रोजची पूजा. या सगळ्यातून वेळ काढून त्यांनी भक्तिरहस्य आणि सुलभोपाय हे ग्रंथ लिहिले. धाकट्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, तोही ओवीबद्ध. शके १५९९ मध्ये दहिफळ इथे त्यांचा अंत झाला. समर्थांच्या चरित्रात श्रेष्ठ हे पात्र दोन-तीन प्रसंगांपुरते येते. जांबेत उभे राहिल्यावर वाटते की या देवघराचा खरा मानकरी तोच. चोवीस वर्षे दुसरा भाऊ परत येईल की नाही हे माहीत नसताना नंदादीपात रोज तेल घालणारा हा माणूस होता.

पुढे त्याचा वंशही जांबेहून गेला. शके १६०३ मध्ये समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला, त्यानंतर चाफळ आणि गडाच्या कारभारावरून शिष्यांत मतभेद झाले आणि अखेर गादीवर आणला गेला तो श्रेष्ठांचा नातू, गंगाधरस्वामी. म्हणजे ज्याने संसार नाकारला त्याच्या संस्थानाला वारस पुरवला तो ज्याने संसार केला त्याच्या घराने. चाफळ-सज्जनगडाचे अधिकारी स्वामी आजतागायत याच ठोसर कुळातले. हनुमंतस्वामींची प्रसिद्ध बखर, जिच्यातून जांबेच्या बहुतेक कथा आपल्यापर्यंत आल्या, ती समर्थांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आणि कृष्णाकाठी लिहिली गेली. तिच्याआधीचे गिरिधरस्वामींचे समर्थप्रताप आहे, वाकेनिशी टिपण आहे. त्यांत प्रसंगांचे तपशील थोडेफार बदलतात. भाविक बखर वाचतो, अभ्यासक टिपणाकडे जातो. जांबेच्या मंदिरात अर्थातच बखर चालते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी वकिली बाजूला ठेवून समर्थांच्या मठांची धुंडाळणी सुरू केली. १८९३ मध्ये त्यांनी धुळ्याला सत्कार्योत्तेजक सभा काढली. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी मिळवून छापली, १९३० मध्ये शिवथरघळ उजेडात आणली, १९३५ मध्ये धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. मठामठांतून जमवलेली हजारो हस्तलिखिते तिथे आहेत. आगगाडी, छकडा आणि पायी अशा प्रवासाने इंग्रजी अंमलातल्या खानदेशातला हा माणूस निजामाच्या राज्यातली खेडी पालथी घालत होता. त्याच्या कामामुळे रामदासी संप्रदायाचा नकाशा पहिल्यांदा एका जागी दिसू लागला, आणि त्या नकाशावर कृष्णाकाठाबरोबर मराठवाडाही आला. अकरा मारुती नसतील, पण समर्थांच्या पट्टशिष्यांचा, कल्याणस्वामींचा मठ डोमगावचा, परांड्याच्या बाजूचा, हे विसरून चालत नाही.

जांबेच्या मंदिरातला नित्यक्रम संप्रदायाच्या चालीचा. पहाटे काकडा, मग पूजा आणि नैवेद्य, संध्याकाळी सांजउपासना. सांजउपासनेत करुणाष्टके, सवाया, मारुतीचे भीमरूपी स्तोत्र, रामाची आरती. मनाचे श्लोक म्हणजे भिक्षेचे गाणे. खांद्याला झोळी अडकवून दारोदार श्लोक म्हणत जायचे आणि घरातल्या बाईने मूठभर तांदूळ किंवा पीठ घालायचे, ही पद्धत सज्जनगडच्या पादुकांच्या दौऱ्यात आजही पाळली जाते. श्लोक ऐकून कुणी नुसतीच भिक्षा घालतो, कुणी दोन श्लोक बरोबर म्हणतो. रामदासी संप्रदायात मंत्र तेरा अक्षरांचा, त्याचा जप तेरा कोटी करायचा, अशी समर्थांच्या टाकळीतल्या पुरश्चरणाची परंपरा आहे. जांबेला येणारे अनेक साधक जपाच्या संकल्पाची सुरुवात किंवा सांगता इथे करतात. इथे नवस बोलणारे त्या मानाने कमी. हे रामाचे देऊळ असले तरी माणसे येतात ती जन्मघर पाहायला, आणि त्या घराच्या देवापुढे थोडा वेळ बसून जायला.

२२ ऑगस्ट २०२२, श्रावणातला सोमवार. त्या पहाटे हे देवघर फोडले गेल्याचे उघडकीस आले. राम, लक्ष्मण, सीता यांच्या पंचायतनातल्या मूर्ती आणि समर्थ झोळीत बाळगत असे सांगितले जाणारे मारुतीही गेले होते. बातमी दुपारपर्यंत राज्यभर पोचली. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते; घनसावंगीचे आमदार राजेश टोपे यांनी विषय सभागृहात मांडला आणि गृहखाते सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांना उत्तर द्यावे लागले. पोलिसांची पथके नेमली गेली. आठवडे उलटले. गणपती आले आणि गेले, नवरात्र झाले, जांबेचे देवघर रिकामेच होते. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, तपासाचा धागा सोलापूर आणि कर्नाटकापर्यंत पोचला, संशयितांना अटक झाली आणि मूर्ती हाती लागल्या.

असे सुदैव प्रत्येक देवळाच्या वाट्याला येत नाही. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला १९९७ मध्ये नारळाच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला होता. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे खून झाले आणि मूर्ती वितळवली गेली. चोर पकडले गेले, सोन्याची लगड सापडली, पण गणपती सापडला नाही. २०२१ मध्ये तिथे नवी मूर्ती बसवली. धातूच्या मूर्तीची हीच भीती. दगडाचा देव चोराला फोडता येतो पण वितळवता येत नाही. पंचधातूचा देव किलोवर विकता येतो.

मूर्ती जाणे आणि परत येणे हे आपल्या संतचरित्रांना नवे नाही. जांबेपासून गोदावरीच्या मावळत्या अंगाला, वर पैठणला, एकनाथांचे पणजोबा भानुदास राहत. विजयनगरच्या राजाने नेलेला पंढरीचा विठोबा त्यांनी परत आणला ही कथा आषाढी-कार्तिकीला हमखास सांगितली जाते. खुद्द समर्थांच्या चाफळच्या रामाची कथा तशीच आहे. अंगापूरच्या डोहात, कृष्णेच्या पाण्याखाली, कधीकाळी कुणी भीतीने दडवलेल्या मूर्ती आहेत असे त्यांना स्वप्न पडले. त्यांनी डोहात बुडी मारली आणि रामाची व अंगलाईची मूर्ती वर काढली. अंगापूरकरांनी हक्क सांगितला, आमच्या डोहातला देव आमचा. समर्थ म्हणाले, न्या. मूर्ती गावकऱ्यांना हलेना आणि समर्थांनी ती एकट्याने उचलून चाफळला नेली. सज्जनगडावरच्या पंचधातूच्या मूर्ती समर्थांनी तंजावरला घडवून घेतल्या होत्या आणि त्या गडावर पोचल्या त्या त्यांच्या निर्याणाच्या अवघ्या काही दिवस आधी. राम हलवणे, दडवणे, शोधणे आणि पुन्हा बसवणे या कामात या संप्रदायाचे हात चांगले मुरलेले आहेत.

पण कथेतल्या मूर्तीला ओळखण्यासाठी स्वप्न पुरते, पोलिसांच्या मूर्तीला पुरत नाही. पंचनाम्यात काय लिहायचे? किती उंच, वजन किती, हातातल्या धनुष्याचा टोकाकडचा भाग झिजलेला आहे का, पाठीमागे काही कोरलेले आहे का? सापडलेली मूर्ती तीच, हे न्यायालयात कशाने ठरवायचे? जांबेच्या मूर्ती प्रसिद्ध होत्या, वर्षानुवर्षे भाविकांनी त्यांचे फोटो काढले होते. शेजारच्या खेड्यातल्या एखाद्या वाड्यात, भैरोबाच्या देवळात किंवा बंद पडलेल्या मठात असलेल्या तितक्याच जुन्या मूर्तीचे काय? ती गेली तर गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या आठवणीपलीकडे पुरावा नसतो.

कायदा आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ चा, अंमलात १९७६ पासून. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या, धातू, दगड, हस्तिदंत वगैरेंच्या शिल्पांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते आणि अर्जासोबत छायाचित्रे द्यायची असतात. नोंद झाली म्हणून देव सरकारजमा होत नाही; तो देवघरातच राहतो, पूजाही तशीच चालते. नोंदीने देव सरकारजमा होतो हा गैरसमज मराठवाड्यात फार पसरलेला आहे आणि त्यापायी माणसे नोंदणीचे नाव काढले की दार लावून घेतात. सार्वजनिक न्यास असेल तर जंगम मिळकतीची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी लागते. त्या यादीत बहुतेकदा समया, घंगाळी आणि सतरंज्या मोजून लिहिलेल्या असतात आणि देव मात्र 'मूर्ती, पितळी, ५' एवढ्यावर भागवलेले असतात.

त्यामुळे या अंकाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या आधी आपण देवघरातले देव, टाक, समया चिंच किंवा पितांबरी लावून उजळायला काढतोच. यंदा तसे काढाल तेव्हा, उजळण्याआधी आणि नंतर, प्रत्येक मूर्तीचे पुढून, मागून आणि तळाकडून फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा आणि ग्रॅमपर्यंत लिहा. मूर्ती घराण्यात कोणी, कुठून आणली हे आजी-आजोबांना विचारून तारखेसह टिपून ठेवा. गावच्या देवळाचे विश्वस्त असाल तर हेच काम गावच्या सभेत ठराव करून करा आणि एक प्रत गावाबाहेर ठेवा. जुनी मूर्ती असेल तर नोंदणीचा अर्ज भरा. आणि जांबेला जायचे झाले तर रामनवमीची गर्दी टाळून एखाद्या साध्या दिवशी, सांजउपासनेच्या वेळी जा. जालन्याहून अंबड, घनसावंगीमार्गे रस्ता आहे.